अंतर्गत गुणांची रोजकीर्द

आमच्या विद्यापीठांचा जन्मच परीक्षेच्या पोटी झाला आहे. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे जी तीन विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या त्या वेळच्या नमुन्यावर. शिकविण्याचे काम कॉलेजांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्या, अशी त्या नमुन्यातील वाटणी होती. ह्या वाटणीचे फळ लौकरच दिसू लागले. शिक्षणासाठी परीक्षा असावयाची ती परीक्षेसाठी शिक्षण होऊन बसले आहे, अशा अर्थाची तक्रार १९०२ च्या विद्यापीठ कमिशनने केली. १९१७ साली नेमलेल्या सॅडलर कमिशनने तीच तक्रार विस्ताराने मांडिली. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन कमिशनने तर, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाली तर ती परीक्षेचीच सुचवू, असा अभिप्राय दिला. रोग जुना, वैद्य थोर, निदान एकच. आणि रोगी मात्र आहे तेथेच आहे!

ह्या रोगावर जे औषध सुचविण्यात आले, त्याचे नाव अंतर्गत मूल्यमापन. वर्षभर विद्यार्थ्याने काय केले हे तीन तासांच्या उत्तरपत्रिकेस दिसत नाही. ते त्याला रोज पाहणाऱ्या शिक्षकास दिसते. तेव्हा काही गुण शिक्षकाच्या हाती असावे, हा त्यातील विचार. १९६४-६६ च्या कोठारी कमिशननेही अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला होता. विचार सरळ आहे व आम्हांस तो मान्य आहे. जो विद्यार्थी आठ महिने उनाडक्या करितो आणि शेवटच्या पंधरवड्यात बाजारातील मार्गदर्शिका घोकून पहिल्या वर्गात येतो, त्याच्या पदवीस ज्ञानाची खूण म्हणणे धाडसाचे आहे. उलट जो पहिल्या दिवसापासून खपतो, शंका विचारितो, चुका सुधारितो, तो परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणला तर त्याचे सगळे वर्ष पाण्यात जावे, हाही न्याय नव्हे. तेव्हा प्रयत्नांची व सहभागाची दखल घ्यावी की नाही, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. घ्यावीच. ती कोणी, कशी व कोणत्या पुराव्यावर घ्यावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

व्यवहारात काय झाले ते पाहू. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांक-श्रेणी पद्धत आणिली. तीत शंभरांपैकी साठ गुण सत्रान्त परीक्षेस व चाळीस गुण अंतर्गत मूल्यमापनास ठेविले. ह्या चाळिसांतील चाचणीचे व गृहपाठाचे गुण सोडून देऊ. त्यांस निदान कागदाचा आधार असतो. परंतु पाच गुण वर्गातील सक्रिय सहभागास होते, आणि आणखी पाच गुण जबाबदार विद्यार्थी म्हणून एकंदर वर्तन, रीतभात, बोलण्याची हातोटी व पुढारपणाचे गुण ह्यांस होते. पुढे साठ-चाळिसाचे प्रमाण पंचाहत्तर-पंचवीस झाले, आणि काही अभ्यासक्रमांतून अंतर्गत गुण सर्वस्वी काढूनही टाकण्यात आले. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ह्याने सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा आग्रह धरिला आहे. ते धोरण २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न कॉलेजांस लागू झाले, आणि त्याबरोबर अंतर्गत गुणांचे महत्त्व पुन्हा वाढले आहे. गुण आले, गेले, पुन्हा आले. परंतु ते देताना शिक्षकाने काय पाहावे व पाहिलेले कोठे लिहून ठेवावे, ह्याचा विचार गुणांच्या मागोमाग आला नाही.

पाच गुण म्हणजे क्षुल्लक गोष्ट, असे कोणी म्हणेल. ज्यांची मुले प्रवेशाच्या याद्यांत अर्ध्या टक्क्याने मागे पडली आहेत, ते तसे म्हणणार नाहीत. शिवाय गुणांच्या संख्येपेक्षा ते देण्याची रीत अधिक महत्त्वाची आहे. एक साधा हिशेब करून पाहा. तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा व तुकडी एकशेवीस विद्यार्थ्यांची. हे दोन्ही आकडे मुंबईकर वाचकांस नवे नाहीत. शिक्षकाने स्वतः एक अक्षर न बोलता सगळा तास विद्यार्थ्यांस बोलू दिले, तरी प्रत्येकाच्या वाट्यास चोवीस सेकंद येतात! अशा तुकड्या एकेका शिक्षकाकडे तीन-तीन, चार-चार असतात. सत्र संपल्यावर तो गुणपत्रक भरावयास बसतो, तेव्हा त्याला पाच-दहा चेहरे आठवतात: पहिल्या बाकावरचे, चुरचुरीत इंग्रजी बोलणारे, आणि एखादे वेळी त्याच्याशी वाद घातलेले. बाकीच्या शंभरांस तो हजेरीपट पाहून चार-चार गुण टाकितो. ह्याला मूल्यमापन म्हणावयाचे तर डोळे मिटून धान्य वाटण्याला मापारीपण म्हणण्यास हरकत नाही.

हे आम्ही शिक्षकांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्यांस नुसत्या तासिकांच्या हिशेबाने मोबदला मिळतो, असे शिक्षक आज कॉलेजांतून पुष्कळ आहेत. वह्या तपासण्याचे, विद्यार्थ्यास जवळ बसवून त्याची चूक दाखविण्याचे दाम त्यांस कोण देतो? अशा स्थितीत गुण मोजले जात नाहीत, वाटले जातात. आणि वाटपात दोन दोष हटकून शिरतात: एक औदार्याचा, दुसरा आकसाचा.

औदार्याचा दोष आपण शालान्त परीक्षेत पाहिलाच आहे. माध्यमिक शालान्त परीक्षेचा महाराष्ट्राचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रे ह्या विषयांतील शाळांच्या हातचे वीस गुण काढून घेण्यात आले, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. मोठी ओरड झाली, गुण परत देण्यात आले, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्क्यांवर चढला. ह्या चढउताराचे सगळेच खापर अंतर्गत गुणांवर फोडणे बरोबर होणार नाही. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, आणि २०२० साली साथीमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला होता. तथापि शाळेने दिलेले गुण किती जणांस नदीपार नेत होते, ह्याची कल्पना येण्यास एवढे आकडे पुरे आहेत. निकाल चांगला लागला तर संस्थेचे नाव होते, प्रवेशास गर्दी होते. म्हणजे ह्या प्रकरणात निकाल देणाऱ्याचा स्वतःचा लाभ त्या निकालात गुंतलेला असतो. कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व. ते येथे उंबरठ्यावरच ठेचाळते.

दुसरा दोष आकसाचा. तो संख्येने थोडा, पण परिणामाने अधिक घातक आहे. वर्तनास गुण ठेविले की, गुण देणाऱ्यास न रुचणारे वर्तन महाग पडू लागते. वाचनालय वेळेवर उघडत नाही म्हणून अर्ज करणारा, वाढलेल्या फीचा हिशेब मागणारा, पाठ्यपुस्तकातील चूक भर वर्गात दाखविणारा विद्यार्थी उद्धट ठरावयास कितीसा वेळ लागणार? त्याला कोणी शिक्षा करीत नाही, कारण शिक्षा करावयाची तर आरोप लिहावा लागतो व त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. त्याचे फक्त तीन गुण कमी होतात. ना आरोप, ना सुनावणी, ना अपील! कठोपनिषदातील नचिकेत्याने बापाला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून संताप आणिला. आमच्या एखाद्या कॉलेजात तो असता तर वर्तनाच्या पाचांपैकी त्याला शून्य मिळाले असते, आणि मान खाली घालून बसलेल्या त्याच्या शेजाऱ्यास पाच. ज्या देशाने प्रश्न विचारणाऱ्या शिष्यास उपनिषदाचा नायक केले, त्या देशातील विद्यापीठांनी गुणांचे आमिष दाखवून होयबांची पैदास करावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. स्वराज्याला प्रजा नको, नागरिक हवेत; आणि नागरिक काही पदवीदानाच्या दिवशी अकस्मात तयार होत नाहीत.

मग हे गुण काढूनच टाकावे काय? तसे म्हणणारा एक पक्ष आहे. दिवाळीच्या सुमारास हिशेब चुकले म्हणून वह्याच जाळून टाकण्याचा सल्ला जितका शहाणपणाचा, तितकाच हा सल्ला शहाणपणाचा आहे. शिवाय आज त्यात एक नवे संकट आहे. घरून लिहून आणावयाचा निबंध २०२२ च्या अखेरीपासून यंत्राकडून घटकेत लिहवून घेता येऊ लागला आहे. निबंध कोणाचा हे ओळखण्याचा खरा मार्ग एकच: तो लिहिला जात असताना पाहणे, आणि लिहिणाऱ्यास त्याविषयी चार प्रश्न विचारणे. म्हणजे वर्गातील सहभाग पारखण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. सबब गुण राहोत. त्यांची वही मात्र नीट लिहिली जावो.

आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट आम्ही सांगावयास नको. दुकानात रोजची उलाढाल रोजकीर्दीत चढते, तीवरून खतावणी होते, खतावणीवरून वर्षाचा ताळेबंद निघतो. एखादा दिवाणजी वर्षभर रोजकीर्द कोरी ठेवून अखेरच्या दिवशी ‘अमक्याकडे साधारण इतके येणे असावे’ असे अंदाजाने आकडे भरू लागला, तर शेटजी त्याला दुसऱ्या दिवशी पेढीची पायरी चढू देणार नाहीत. मग त्याच शेटजींच्या मुलाची विद्या अशा कोऱ्या वहीवरून मोजली जाते, तेव्हा ते मुकाट्याने का बसतात?

कायदाही हेच सांगतो. नित्याच्या व्यवहारात नियमितपणे ठेविलेल्या हिशेबाच्या वह्यांतील नोंदी पुराव्यात ग्राह्य आहेत. पण नुसत्या तेवढ्या नोंदींवरून कोणावर देण्याची जबाबदारी लादता येत नाही. हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ३४ मध्ये होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. ह्यात दोन धडे आहेत. एक, नोंद नियमितपणे व वेळच्या वेळी झालेली असावी. दोन, तिला बाहेरून पुष्टी असावी. आमच्या विज्ञानशाखेतील जर्नल हे ह्याचे उत्तम उदाहरण आहे. प्रयोग करावा, त्याच दिवशी टिपावा, शिक्षकाची सही घ्यावी, आणि पुरे झालेले जर्नल प्रमाणित झाल्यावाचून प्रात्यक्षिक परीक्षेस बसू नये, अशी ही रीत. परंतु मित्राचे जर्नल रातोरात उतरवून काढणारे वीरही आपणांस ठाऊक आहेत! म्हणूनच जर्नलाबरोबर तोंडी परीक्षा असते. वही साक्ष देते आणि तोंडी परीक्षा त्या साक्षीची उलटतपासणी करिते. जे विज्ञानशाखेत चालते ते इतिहासात, अर्थशास्त्रात, मराठीत का चालू नये?

ह्या तत्त्वांवरून आम्ही काही सूचना करितो.

पहिली सूचना हजेरीविषयी. हजेरी म्हणजे सहभाग नव्हे. दिल्ली विद्यापीठाने २००३ च्या सुमारास पंचवीस अंतर्गत गुण सुरू केले तेव्हा त्यांतील पाच नुसत्या उपस्थितीस ठेविले होते. बाकावर बसल्याबद्दल गुण द्यावयाचे तर बाकासही द्यावे. तो तर एकही दिवस चुकत नाही! आमच्याकडे टर्म भरण्याची जी जुनी चाल आहे तीच ह्याहून बरी. हजेरी ही परीक्षेस बसण्याची अट असावी, गुणांचा विषय असू नये. आणि ती अट पाळविताना, सकाळी मार्केट यार्डात वजनकाट्यावर उभे राहून फीचे पैसे मिळविणाऱ्या मुलाची अडचणही ऐकून घ्यावी.

दुसरी सूचना अशी की, वर्तनाचे गुण साफ बंद करावे. कोणी दांडगाई केली तर त्यासाठी शिस्तीचे नियम आहेत; आरोप लेखी द्यावा, उत्तर ऐकावे, निर्णय कारणांसह लिहावा. रीतभात व पुढारपण हे सद्गुण असतील, पण ते रसायनशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या ज्ञानाचे माप नव्हेत.

तिसरी सूचना सहभागाच्या अर्थाविषयी. जो बोलतो तोच भाग घेतो, हा समज सोडावा. खेड्यातून आलेली, घरात पहिलीच कॉलेजात पाऊल टाकणारी मुलगी इंग्रजी वर्गात तोंड उघडण्यास भिते. पण तिच्या वहीत विचारलेली शंका साऱ्या वर्गास विचार करावयास लावील अशी असू शकते. लेखी प्रश्न, वाचलेल्या प्रकरणाचे टिपण, दुरुस्त करून पुन्हा आणिलेला निबंध, सहाध्यायास समजावून सांगितलेले गणित, मायबोलीत मांडिलेला मुद्दा, ही सर्व सहभागाचीच रूपे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांचा कागद मागे राहतो. प्रयत्नांचेही तसेच. कोणी किती घाम गाळला हे मनुष्यास दिसत नाही. परंतु पहिला खर्डा व तिसरा खर्डा शेजारी ठेविले की मधले श्रम आपोआप दिसतात. मोजावयाचे ते हे.

चौथी सूचना वहीविषयी. कशास किती गुण, हे सत्राच्या पहिल्या आठवड्यात लेखी जाहीर व्हावे. दर पंधरा दिवसांनी नोंद व्हावी, ती विद्यार्थ्यास दाखवावी व त्याची सही घ्यावी. सत्राच्या शेवटी दहा मिनिटांची तोंडी तपासणी व्हावी, आणि प्रत्येक कॉलेजातील थोड्या वह्या चिठ्ठ्या टाकून दुसऱ्या कॉलेजातील शिक्षकाकडून पुन्हा पाहून घ्याव्या. ज्याला नोंद मान्य नसेल त्याला तीन जणांच्या समितीपुढे गाऱ्हाणे मांडता यावे, आणि त्या तिघांपैकी एक बाहेरचा असावा. हे काही आम्ही जगावेगळे मागत नाही. परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात दिला. लेखी परीक्षेच्या साठ गुणांस जो उजेड मिळाला, तो सहभागाच्या गुणांस का मिळू नये? पाहावयास कागदच नसेल तर पाहण्याचा अधिकार कोरडा राहतो.

शेवटची सूचना अशी की, प्रयत्नांचे गुण ही उत्तीर्ण होण्याची कुबडी होऊ देऊ नये. लेखी परीक्षेत व अंतर्गत कामात स्वतंत्रपणे उत्तीर्ण होण्याची अट सर्वत्र असावी. पूल बांधणाऱ्याने मन लावून प्रयत्न केला म्हणून पडका पूल चालत नाही, आणि पदवी ही समाजाने दिलेली साक्ष आहे. प्रयत्न ज्ञानाच्या जागी बसावा असे आम्ही म्हणत नाही. जे ज्ञान एका दिवसाच्या परीक्षेत निसटते त्याची साक्ष प्रयत्नाने द्यावी, एवढेच म्हणतो.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, इतकी लिखापढी म्हणजे शिक्षकावर अविश्वास होय. मुळीच नव्हे. न्यायाधीशावर आपला विश्वास नाही म्हणून आपण त्याच्याकडून निकालाची कारणे लिहून घेतो काय? कारणे लिहिल्याने विश्वास वाढतो, आणि प्रामाणिक न्यायाधीशास त्या कागदाचेच संरक्षण असते. संस्थाचालक ‘अमक्यास सांभाळून घ्या’ असा निरोप धाडतात, तेव्हा गरीब शिक्षकास भरलेल्या वहीएवढा दुसरा आधार कोणता?

दुसरा आक्षेप खरा आहे. एकशेवीसच्या तुकडीत हे व्हावयाचे नाही. बरोबर, म्हणूनच तुकडी लहान करावी, आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची बैठक घ्यावी, रिकाम्या जागा भराव्या, आणि वह्या तपासण्याचा वेळ हा शिकविण्याचाच वेळ समजून त्याचे वेतन द्यावे. हे करण्याची सरकारची व संस्थांची तयारी नसेल, तर त्यांनी सहभागाचे गुण ठेवण्याचे ढोंग तरी करू नये. ज्याचे माप घेण्याची सोय नाही त्याची पावती देणे, ह्याला बाजारात जे नाव आहे तेच विद्यापीठातही लागू पडते.

हा प्रश्न विद्वानांच्या सभांवर सोडून चालणार नाही. फी भरणारे, मुलांच्या पदव्यांवर आशा बांधणारे, आणि उद्या त्याच पदवीधरांस पेढीवर व कारखान्यात ठेवून घेणारे आमचे वाचक ह्या व्यवहारातील खरे धनी आहेत. त्यांनी येत्या सत्रारंभी आपल्या गावच्या कॉलेजात जाऊन दोनच प्रश्न नम्रपणे विचारावे: हे गुण कशाबद्दल देता, आणि त्यांची वही कोठे आहे? जेथे वही पुढे येईल तेथील शिक्षकांचे मनापासून आभार मानावे. जेथे ती येणार नाही तेथे तोच प्रश्न प्राचार्यांस, मग विद्यापीठास, आणि जरूर तर मंत्र्यांस विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत विचारीत राहावे. प्रश्न विचारण्याचे गुण आमच्या मुलांस मिळावे असे आपणांस वाटत असेल, तर तो धडा आधी आपण गिरविला पाहिजे.